ग्रुप उघडे ठेवा

‘फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात.’ वर्षभर ज्या एका ओळीने आम्हाला छळलं, ती ही ओळ. गावचा ग्रुप, वॉर्डाचा ग्रुप, शाळेतल्या जुन्या सोबत्यांचा ग्रुप, धान उत्पादकांचा ग्रुप, बचत गटाचा ग्रुप. कुठेही दोन माणसांचं मत जुळेनासं झालं की कुणीतरी घाईघाईने सेटिंगमध्ये जातं आणि शे-दोनशे माणसांचं बोलणं थांबवून टाकतं. मग ग्रुपवर उरतात शुभ सकाळ, वाढदिवसाचे केक आणि कुणाच्या तरी दौऱ्याचे फोटो. व्हॉट्सॲपने ही सोय 2018 मध्ये दिली. पाणी कधी येणार, लसीकरण कुठे आहे, अशा सूचनांपुरती ती चांगलीच आहे. पण भंडारा जिल्ह्यात यंदा ती जिथे जिथे वापरलेली आम्ही पाहिली, तिथे बहुतेक ठिकाणी कारण भीती हेच होतं. ॲडमिनला वाटतं, कुणी काही लिहिलं तर पोलीस माझ्या दारात येतील. ही भीती दूर करणारा निकाल आपल्याच जुन्या जिल्ह्यातल्या एका प्रकरणावर 2021 मध्ये लागला. तो निकाल अजून गावागावांत पोहोचलेला नाही, म्हणून यंदाचं संपादकीय त्यावर.

वर्षाचा आढावा घेण्याची या पानाची रीत आहे. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत 24 जानेवारी 2025 रोजी स्फोट झाला आणि आठ कामगार गेले. त्या घरांची त्यानंतरची पहिली दिवाळी 2025 ची. जुलैत विधिमंडळाने जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. आणि 2016 च्या अखेरीस निवडून आलेल्या सदस्यांची मुदत संपल्यापासून भंडारा, तुमसर, पवनी, साकोली इथल्या नगर परिषदांवर 2025 च्या दिवाळीपर्यंत प्रशासकच बसलेला होता. या तीन गोष्टींवर अंकात स्वतंत्र लिखाण आहे. तिसरीचा मात्र आमच्या विषयाशी थेट संबंध आहे. वॉर्डाला नगरसेवकच नव्हता, सभागृह भरत नव्हतं, तेव्हा तुंबलेल्या नालीबद्दल माणूस बोलणार कुठे? इतकी वर्षं तो वॉर्डाच्या ग्रुपवर बोलला. तेवढं एकच सभागृह चालू होतं आणि तेही आपण आपल्या हाताने बंद करत सुटलो.

मागच्या खरिपातली गोष्ट. वैनगंगेकाठच्या एका गावातल्या बाईंनी गावच्या ग्रुपवर फोटो टाकला. खरेदी केंद्रावरचा काटा, त्यावर धानाचा कट्टा आणि समोर आकडा. खाली चार ओळी, इथल्या झाडी बोलीतच लिहिलेल्या. 40 किलोच्या कट्ट्यामागे बारदान्याचं वजन सोडूनही दीड-दोन किलो धान जास्तीचं घेतात, कुणी विचारलं तर ओलाव्याचं कारण सांगतात, आणि ज्याला घाई आहे तो गप्प बसून देतो, एवढंच त्यांनी लिहिलं होतं. कुणाचं नाव नाही, शिवी नाही, पक्ष नाही. पाऊण तासात वीस-बावीस जणांनी ‘आमचं बी असंच झालं’ म्हणून लिहिलं. एकाने मागच्या हंगामाची पावती टाकली. एकाने उलट बाजू मांडली, की धान खरंच ओलं होतं, केंद्रवाल्याने तरी काय करावं. छान चर्चा लागली होती. तेवढ्यात ग्रुप बंद झाला. ॲडमिनने त्या बाईंना स्वतंत्रपणे कळवलं, ‘ताई, तुमचं खरं हाय जी, पन इथं कायले टाकता? उद्या मले ठान्यात बलावतील.’

हा ॲडमिन वाईट माणूस नाही. आम्ही त्याला ओळखतो. अर्ध्या रात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं असेल तर गाडी काढणारा तो तरुण आहे. सण आला, निवडणूक आली की ‘ग्रुपवरच्या प्रत्येक मजकुराला ॲडमिन जबाबदार’ असा एक मेसेज गावोगाव फिरतो. त्याने तो वाचला होता. त्या मेसेजखाली कायद्याचं कलम कधी नसतं. असणार तरी कसं? तसं कलमच नाही.

आता तो निकाल. अर्जुनी मोरगाव आज गोंदिया जिल्ह्यात आहे; 1 मे 1999 पर्यंत ते आपल्याच भंडारा जिल्ह्यात होतं. तिथल्या पोलीस ठाण्यात 2016 मध्ये एक गुन्हा नोंदला गेला. एका व्हॉट्सॲप ग्रुपवर एका सदस्याने एका महिला सदस्याविषयी घाणेरडी भाषा वापरली. तिने तक्रार दिली. ॲडमिनने त्या सदस्याला ग्रुपमधून काढलं नाही, त्याला माफीही मागायला लावली नाही, म्हणून ॲडमिनलाही आरोपी करण्यात आलं. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेलं. 1 मार्च 2021 रोजी न्या. झेड. ए. हक आणि न्या. अमित बोरकर यांनी ॲडमिनविरुद्धची कारवाई रद्द केली. कारण साधं आणि पक्कं आहे. ॲडमिन माणसांना ग्रुपमध्ये घेऊ शकतो, काढू शकतो. कोण काय लिहिणार हे त्याला आधी कळत नाही, आणि लिहिलेलं ग्रुपवर पडण्याआधी तपासण्याची सोय त्याच्या हातात नाही. दुसऱ्याच्या शब्दांसाठी त्याला शिक्षा करायची तर तसं सांगणारा कायदा हवा, नाहीतर दोघांनी मिळून बेत केला होता हे सिद्ध व्हायला हवं. या दोन्हींपैकी काही नसेल तर ॲडमिन दोषी नाही. पुढच्याच वर्षी केरळ उच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली.

या निकालाची दुसरी बाजू तितकीच मोलाची आहे. ज्याने ती भाषा वापरली त्याला न्यायालयाने हात धरून सोडवलेलं नाही. आम्ही मोकळेपणाची बाजू घेतो म्हणून बाईला शिवी देण्याच्या मोकळेपणाची बाजू घेतो, असं कुणी समजू नये. आमच्या पाहण्यातल्या गावच्या ग्रुपांवर बायकांची नावं असतात, शब्द नसतात. कुणी एखादी लिहिते, तिच्यावर दोघं-तिघं तुटून पडतात, आणि दुसऱ्या दिवशी ती ग्रुप सोडून गेलेली असते. तो ग्रुप बंद करून तिला काय मिळालं? शिवी देणाराही गप्प आणि तीही गप्प, हा काही न्याय नव्हे. शिवी देणाऱ्याला बाहेर काढा, तेवढा अधिकार ॲडमिनकडे आहे. गुन्हा असेल तर तक्रार करा. आणि तिला बोलू द्या.

असं बोलता यावं म्हणून कुणीतरी किंमत मोजलेली आहे, हे विसरून चालणार नाही. 17 नोव्हेंबर 2012 रोजी बाळासाहेब ठाकरे गेले. मुंबई बंद झाली. पालघरच्या एका तरुणीने त्या बंदविषयी फेसबुकवर आपलं मत लिहिलं, तिच्या मैत्रिणीने ते लाइक केलं. दोघींना अटक झाली. एकीच्या काकांच्या दवाखान्याची तोडफोड झाली. लाइक करण्यासाठी अटक! माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66-अ हे कलम त्या वेळी जिवंत होतं. मजकुरामुळे कुणाला त्रास झाला, गैरसोय झाली एवढ्यावर तीन वर्षांपर्यंत कैद देता येईल, अशी त्याची भाषा होती. त्रास कुणाला कशाने होईल याला काही मोजमाप आहे का? श्रेया सिंघल ही कायद्याची विद्यार्थिनी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि 24 मार्च 2015 रोजी न्या. चेलमेश्वर आणि न्या. नरिमन यांनी ते कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. तरीही पोलीस ठाण्यांतून त्याचा वापर चालूच राहिला. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याबद्दल धक्का बसल्याचं बोलून दाखवलं, आणि 2022 मध्ये या कलमाखाली कुणावरही खटला चालवू नये असं पुन्हा बजावावं लागलं. मेलेल्या कलमाची भीती जिवंत राहते ती अशी.

मार्च 2024 चा एक निकाल आम्हाला अधिक जवळचा वाटतो, कारण त्याची मुळं नागपुरात आहेत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या महाविद्यालयात शिकवणाऱ्या एका काश्मिरी प्राध्यापकाने कलम 370 हटवल्याचा दिवस काळा दिवस असल्याचं व्हॉट्सॲप स्टेटसवर लिहिलं, आणि पाकिस्तानला 14 ऑगस्टच्या शुभेच्छाही दिल्या. त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. उच्च न्यायालयाने तो रद्द करायला नकार दिला. सर्वोच्च न्यायालयात न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांनी तो रद्द केला. त्या प्राध्यापकाचं मत अनेकांना आवडणार नाही. आम्हालाही ते पटत नाही. पण सरकारच्या निर्णयावर टीका करण्याचा अधिकार त्याला आहे, असं न्यायालयाने स्वच्छ सांगितलं, आणि पोलिसांना अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं शिक्षण द्यायची वेळ आली आहे असंही सुनावलं. हे ठरवताना त्यांनी आधार घेतला तो जुन्या नागपूर उच्च न्यायालयाच्या न्या. व्हिव्हियन बोस यांनी स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर घालून दिलेल्या कसोटीचा. शब्दांचा परिणाम जोखायचा तर समंजस, खंबीर, धीट माणसावर तो काय होईल हे पाहावं. डळमळीत मनाच्या आणि प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्या माणसावरून ते ठरवू नये, असा तिचा आशय. तेव्हा भंडारा जिल्हा मध्य प्रांत-वऱ्हाडात होता आणि आपलं उच्च न्यायालय तेच होतं. ही कसोटी आपल्या आज्या-पणज्यांच्या न्यायालयाने देशाला दिली आहे. त्याच भागातल्या ॲडमिनने चार ओळी पाहून घाबरावं, हे आम्हाला सहन होत नाही.

आणि सप्टेंबर 2024 मध्ये, सरकारविषयीचा ऑनलाइन मजकूर खोटा की खरा हे सरकारच्याच तपासणी कक्षाने ठरवण्याचा नियम मुंबई उच्च न्यायालयात टिकला नाही. दोन न्यायमूर्तींचं एकमत न झाल्यामुळे निर्णायक मत दिलं ते नागपुरात वर्षानुवर्षं वकिली केलेल्या न्या. अतुल चांदूरकर यांनी.

आमचा धंदा संपादकाचा. ‘साभार परत’ हे दोन शब्द किती जणांचं लिहिणं थांबवतात ते आम्ही जवळून पाहिलं आहे. ज्याला शुद्धलेखन जमत नाही, ज्याची कुणाशी ओळख नाही, ज्याच्याकडे पोस्टाच्या पाकिटाला पैसे नाहीत, त्याचं मत छापून येत नसे. 1920 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना ‘मूकनायक’ काढावं लागलं, कारण इतरांच्या पत्रांत बहिष्कृतांच्या बोलण्याला जागा नव्हती. ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊनही ‘केसरी’ने घेतली नव्हती. याच बाबासाहेबांनी 1954 मध्ये आपल्या भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली आणि ते हरले. त्या वेळी इथल्या धानाच्या बांधीत राबणाऱ्या त्यांच्या मतदाराला आपलं म्हणणं चार गावांपलीकडे पोचवायला काय साधन होतं? आज त्याच्या नातवाच्या, नातीच्या खिशात ते आहे. संपादक नको, छापखाना नको, कुणाची शिफारस नको. झाडी बोलीत लिहिलं म्हणून कुणी लाल शाईची रेघ ओढत नाही. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीसाठी वर्षानुवर्षं जे झटून केलं, त्याच बोलीत आज तुमसर-लाखांदूरची पोरं रोज भांडतात, विनवतात, हिशेब मागतात. मराठीत इतकी माणसं याआधी कधी लिहिती नव्हती. आम्हाला या गोष्टीचं अपार अप्रूप आहे, आणि म्हणूनच ग्रुप बंद झाल्याचा राग येतो.

यंदाच्या अंकाचा विषय झाडीपट्टीची रंगभूमी हा आहे, आणि त्याचा इथे संबंध आहेच. भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरू लागेल, रात्री दंडार उभी राहील, खडी गंमत रंगेल. सोंगाड्या समोर बसलेल्या पाटलाला, सावकाराला, पुढाऱ्याला त्यांच्यादेखत बोल लावतो, आणि पहाटेपर्यंत गाव ते ऐकतं. कुणी पडदा पाडत नाही. ज्या मातीत एवढी सहनशक्ती आहे तिथे एका पोस्टने ग्रुप मोडावा, हे आपल्या स्वभावाला धरून नाही. खडी गंमतीवरचा दीर्घ लेख आणि जुन्या सोंगाड्यांच्या मुलाखती वाचताना हे तुमच्या लक्षात येईलच. काट्याचा फोटो टाकणाऱ्या बाईंच्या चार ओळीही त्यांच्या संमतीने, नाव-गाव न देता, त्यांच्याच बोलीत आम्ही छापल्या आहेत. केंद्रचालकांना उत्तर द्यायचं असेल तर पुढच्या अंकात तितकीच जागा राखून ठेवली आहे.

तुम्ही आमचे जुने वाचक. तुमच्यातले कितीतरी जण कुठल्या ना कुठल्या ग्रुपचे ॲडमिन आहात, हे आम्हाला ठाऊक आहे. निवडणूक आली की उमेदवार हात जोडून ग्रुपवर येतात आणि पत्रकं टाकून जातात. तेव्हा वॉर्डातल्या कुठल्याही माणसाला तिथे लिहिता आलं पाहिजे: नळ किती दिवसांआड येतो, नालीचं बिल कधी निघालं, घरकुलाची यादी कुठे लावली. आणि उमेदवाराने उत्तर तिथेच, सगळ्यांदेखत, स्वतःच्या नावाने लिहावं.