पहिल्या लेसला दहा नंबरचा दोरा

क्रोशाची लेस शिकायला येणाऱ्या बायका-मुली, आणि अलीकडे मुलगेही, घरात सापडेल तो दोरा घेऊन बसतात. कुणाकडे शिलाई मशीनचं रीळ असतं, कुणाकडे भरतकामाची गुळगुळीत लडी, तर कुणाकडे आजीच्या डब्यातली पिवळी पडलेली गुंडी. चार दिवस साखळी निसटते, खांब वेडेवाकडे पडतात, मग ‘आपल्या हातात कलाच नाही’ म्हणून सुई कपाटात जाते. मला याचं फार वाईट वाटतं, कारण त्या हातांत काही खोट नसते. दोराच शिकण्याजोगा नसतो.

दुकानात क्रोशाचा सुती दोरा मागा आणि तो दहा नंबरचाच घ्या. यात नंबर वाढला की दोरा बारीक होतो. वीस नंबर दहापेक्षा बारीक, चाळीस त्याहून, आणि ऐंशी तर केसासारखा. नाजूक लेसच्या ओढीने नवखी माणसं नेमका ऐंशी उचलतात. दहा नंबरवर प्रत्येक टाका डोळ्यांना दिसतो, त्यामुळे चूक कुठे झाली ते कळतं आणि तेवढंच उसवता येतं. सुई दीड ते पावणेदोन मिलिमीटरची पुरे. सुयांचे नंबर कंपनीगणिक बदलतात, तेव्हा मिलिमीटरच विचारा.

पीळ मात्र स्वतः पाहा. दोऱ्याचं टोक चिमटीत धरून उलटं फिरवा. लगेच पदर सुटू लागले तर तो दोरा ठेवून द्या, कारण विणताना सुईचा आकडा पदरांमध्येच घुसत राहील. घट्ट पिळाचा मर्सराइज्ड दोरा मिळाला तर उत्तम. इंग्लंडच्या जॉन मर्सर यांनी १८४४ च्या सुमारास सुतावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया करून पाहिली, त्यांच्यावरून हे नाव पडलं. या प्रक्रियेने सूत मजबूत होतं आणि रंगही चांगला धरतं.

रंग पांढरा किंवा फिकट घ्या. काळ्या दोऱ्यावर रात्रीच्या दिव्यात टाके मोजताना जाणत्यांचेही डोळे दुखतात. पुढे रंगीत घ्याल तेव्हा ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून पाहा, रंग लागला तर तो रुमालालाही लागेल. मोठं काम असेल तर सगळ्या गुंड्या एकाच लॉटच्या घ्या, नंतर आणलेल्या गुंडीची छटा बहुधा जुळत नाही. लेस ज्या कापडाला लावायची, ते आधी धुऊन घ्या. सुती कापड आटतं आणि लेसला चुण्या पडतात.

आजीची गुंडी टाकू नका, पण वीतभर दोरा ताणून पाहा. सहज तुटला तर ती आठवण म्हणूनच जपा.

आणि कुणाला शिकवत असाल, तर पहिली गुंडी तुम्हीच निवडून द्या. एका रुमालाच्या चारही बाजू विणून होईपर्यंत वीस नंबरला हात लावू देऊ नका.