केंबरांची कैफियत

उंबर फोडून केंबरे काढू नयेत, असे वाडवडील सांगत आले आणि घरातली उणीदुणी चव्हाट्यावर आणू नयेत या अर्थाने तो उपदेश योग्यच आहे; परंतु ज्या राज्यात रस्तारुंदीपायी वड, पिंपळ आणि उंबर यांची जुनी झाडे आडवी होत आहेत, आणि त्यांच्या बदल्यात किती रोपे लावली याची नोंद सरकारदप्तरी मोठ्या समाधानाने होत आहे, तेथे एकदा उंबर फोडून आतल्या केंबरांची कैफियत ऐकून घेणे प्राप्त आहे.

ज्याला आपण उंबराचे फळ म्हणतो ती वस्तुतः आतल्या अंगाला फुललेल्या असंख्य सूक्ष्म फुलांची बंद कोठडी असते. तिच्या टोकाशी खवल्यांनी झाकलेले एक छिद्र असते आणि त्यातून केंबरे नावाच्या कीटकांची जेमतेम दोनतीन मिलिमीटर लांबीची मादी, दुसऱ्या झाडाचे पराग अंगावर घेऊन, इतक्या निकराने आत शिरते की तिचे पंख त्या अरुंद वाटेतच तुटून पडतात आणि परतीचा प्रश्नच उरत नाही. आत काही फुलांचे कुक्षिवृंत आखूड असतात, काहींचे लांब. आखूड फुलांत तिची अंडी पोचतात, लांब फुलांत पोचत नाहीत, पण पराग दोन्हींना मिळतात, आणि अशा रीतीने काही फुलांतून केंबरे निपजतात तर उरलेल्यांतून उंबराचे बी. पुढे बिनपंखी नर आधी जन्मतात, माद्यांशी संग करतात, त्यांच्यासाठी भिंत पोखरून बाहेरची वाट करून देतात आणि तेथेच मरतात. कर्तृत्वाच्या गोष्टी सांगणाऱ्या पुरुषजातीने या चरित्राचे मनन करण्यास हरकत नाही. माद्या ताजे पराग घेऊन उडतात आणि एकदोन दिवसांच्या आयुष्यात त्यांना त्याच जातीचे, नेमके त्याच वेळी फुललेले दुसरे झाड गाठावे लागते. म्हणूनच एका झाडावरची फळे साधारण एका वेळी पिकली, तरी शेजारचे झाड आपला निराळाच हंगाम धरून असते. हा बेशिस्तपणा नव्हे. या व्यवस्थेचा सारा डोलारा त्यावरच उभा आहे.

जगात वड, पिंपळ, उंबर यांच्या या कुळात साडेसातशेहून अधिक जाती आहेत आणि थोडे अपवाद सोडले तर प्रत्येकीची केंबरे निराळी. इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटावर सापडलेले या कीटकांचे ३.४ कोटी वर्षांपूर्वीचे जीवाश्म रूपाने आजच्या केंबरांशी इतके मिळतेजुळते आहेत की पराग वाहण्याचे खिसेही त्यांच्या अंगावर दिसतात. एवढ्या दीर्घ सहवासाला प्रेम म्हणण्याचा मोह होतो, पण हा मामला करारनाम्याचा आहे. पनामातील काही जातींवरच्या संशोधनात असे आढळले की, पराग न आणता अंडी घालू पाहणाऱ्या माद्यांची फळे झाड पुष्कळदा अकाली गाळून टाकते. शिवाय परागाचे काम न करता बाहेरून लांब सुईने फळ भोसकून अंडी घालणारे परोपजीवी कीटकही असतातच. त्यांच्यावर झाडावरच्या मुंग्यांचा पहारा कसा असतो, हे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील रेनी बोर्जेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्याच उंबरावर अभ्यासले आहे.

या करारनाम्याचा लाभ तिऱ्हाइतांना होतो, आणि माझ्या म्हणण्याचा मुद्दा तेथे सुरू होतो. झाडांचे हंगाम निरनिराळे असल्यामुळे, इतर वृक्ष ओस पडलेले असतानाही टापूत कोठे ना कोठे एखादा वड किंवा उंबर फळलेला असतो, आणि त्यावर तांबट, बुलबुल, धनेश, वटवाघळे, माकडे अशी पंगत बसते. आपल्या राज्यपक्ष्याचे, हरियालाचे, तर हे मुख्य अन्न. (हरियाल बहुतेक बिया पेषणीत दळून टाकतो, म्हणजे झाडाच्या दृष्टीने तो केवळ जेवून जाणारा पाहुणा, बियांची खरी वाहतूक बुलबुल, धनेश, वटवाघळे यांच्याकडे आहे.) ज्या पक्ष्याला सरकारने मानाची सनद दिली, त्याचेच ताट सरकारी रस्त्यांच्या कामात उचलले जावे, याची विसंगती कोणा अंमलदाराच्या ध्यानात आलेली दिसत नाही.

नागरी भागातील वृक्षांविषयीच्या १९७५ च्या कायद्यात २०२१ साली दुरुस्ती होऊन, ५० वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडाला वारसावृक्ष म्हणावे आणि झाड तोडल्यास त्याच्या वयाइतकी रोपे लावावीत, असे ठरले. वयाला किंमत दिली हे पूर्वीच्या मानाने स्तुत्यच आहे. परंतु शंभर वर्षांच्या वडाऐवजी शंभर गुलमोहर लावले तर आकडा जुळतो आणि पंगत उठते. कारण गुलमोहराचे मूळ मादागास्करात, आणि त्याच्या कठीण शेंगांत हरियालाच्या उपयोगाचे काही नाही. २०१९ साली राज्याने ३३ कोटी रोपांचा संकल्प सोडला होता, त्या वेळीही चर्चा किती लावली आणि किती जगली एवढ्यापुरतीच राहिली. कोणासाठी लावली, हा रकाना तक्त्यात नव्हताच.

यावर एक आक्षेप मी स्वतःच नोंदवतो, कारण तो सबळ आहे. नामिबियाच्या वाळवंटात या कुळातील एका जातीचे पराग वाऱ्यावर तरंगणाऱ्या केंबरांनी १६० किलोमीटरपर्यंत नेल्याचे सिद्ध झाले आहे. मग रस्त्यावरची दहावीस झाडे गेल्याने काय बिघडते, असे कोणी विचारील. केंबरांपुरते बोलायचे तर कदाचित फारसे बिघडणार नाही. पण विणीच्या काळात पिलांना रोज चारा भरवणारा तांबट वाऱ्यावर स्वार होऊन परजिल्ह्यात जेवायला जात नाही. त्याला त्याच्या टापूत, वेगवेगळ्या हंगामाची पुरेशी झाडे लागतात, आणि टापूतले एकेक झाड जाताच वर्षातले काही आठवडे रिकामे पडत जातात. २०२० साली सांगली जिल्ह्यातील भोसे येथे लोकांच्या आग्रहामुळे महामार्गाची आखणी बदलून एक पुरातन वड वाचवला गेला. असे करता येते, एवढे त्यावरून सिद्ध झाले. तो मात्र अपवाद राहिला.

जेथे झाड तोडणे खरोखरच अटळ असेल, तेथे परवानगीच्या कागदात जातीचा आणि टापूचा रकाना घालावा: वडाच्या बदली वड, उंबराच्या बदली उंबर, आणि तोही त्याच पंचक्रोशीत. वडाच्या जाडजूड फांद्या पावसाळ्याच्या तोंडी रोवल्या तर बहुधा मूळ धरतात, त्यामुळे खर्चाची सबब चालणार नाही. मात्र सगळ्या फांद्या एकाच झाडाच्या नसाव्यात, नाहीतर एकाच वाणाची पुनरावृत्ती होऊन हंगामांचे वैविध्य हरपण्याचा संभव आहे. निरनिराळ्या वाणांची रोपे तर आपल्या दारातच आहेत. जुन्या वाड्यांच्या भिंतीत, पुलांच्या सांध्यांत, गच्चीच्या पन्हळीत पक्ष्यांनी रुजवलेले पिंपळ आणि वड नगरपालिकेचे कामगार दरवर्षी उपटून कचऱ्यात टाकतात. इमारतीच्या हिताचे म्हणून ते करावेही लागते. ती रोपे मुळांसकट अलगद सोडवून, ओल्या गोणपाटात गुंडाळून रोपवाटिकेत पोचवा, एवढा हुकूम काढायला ना नवा कायदा लागतो ना अंदाजपत्रकातली वेगळी तरतूद.