महालक्ष्मीच्या सभासदांस व मुंबई-पुणेकर नागरिकांस जाहीर आवाहन

सभासदहो, अश्वमालकहो, आणि शर्यतीच्या मैदानावर कधी पाऊलही न ठेवलेल्या नागरिकहो,

महालक्ष्मीच्या शर्यतीच्या मैदानाचा 1914 पासूनचा 99 वर्षांचा भाडेपट्टा 2013 साली संपला, त्यावर दहा वर्षांहून अधिक काळ खल चालला, आणि अखेर 2024 साली 120 एकर सार्वजनिक उद्यानास व 91 एकर शर्यतींस अशी वाटणी ठरली. परंतु मैदान राहिले म्हणजे व्यवसाय राहिला, असा समज कोणी करून घेऊ नये.

टोटच्या, म्हणजे शर्यती भरवणाऱ्या क्लबच्या अधिकृत पैजेच्या, खिडकीवर लागलेल्या रकमेतील क्लबचा वाटा हे बक्षिसांचे मूळ. त्या बक्षिसांच्या आशेवर मालक घोडा पोसतो, आणि तो ट्रेनरला दरमहा जी रक्कम देतो तिच्यातूनच घोड्याची निगा राखणारा मोतद्दार व नालबंद यांच्या चुली पेटतात. सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली ज्या खेळास कौशल्याचा खेळ म्हटले, त्याच्या पैजेच्या संपूर्ण रकमेवर 28 टक्के वस्तू व सेवा कर बसला आणि सप्टेंबर 2025 मध्ये तो 40 टक्के झाला. साहजिकच शौकीन चोरट्या बुकीकडे वळतो, जिथून सरकारी खजिन्यात छदामही येत नाही.

तथापि सारा दोष करावर ढकलणे मला न्याय्य वाटत नाही; काही जबाबदारी आपलीही आहे. उत्पन्न आटले की पहिली झळ कोणास लागते, ते पाहावयाचे तर भल्या पहाटे पागेत जावे. धावून परतलेल्या घोड्याच्या पुढच्या पायाच्या नळीवर तळहात ठेवून, शिरेत ऊब चढली आहे की नाही, हे मोतद्दार वैद्याच्या आधी सांगतो. पण मालकाने हात आखडता घेताच पगार थकतो तो या मोतद्दाराचाच. आणि ज्याची शर्यतीची उमेद सहा-सात वर्षांत सरते पण आयुष्य पंचवीस वर्षांचे असते, त्या मुक्या जनावराचे पुढे काय होते, याची नोंद कोणत्या दप्तरी आहे?

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे. शौकिनांनी पैज टोटवरच लावावी. नागरिकांनी आपापल्या लोकप्रतिनिधीस लिहावे, की कर पैजेवर नव्हे, क्लबच्या वाट्यावर आकारावा. आणि सभासदांनी येत्या वार्षिक सभेत, मतदानापूर्वी, तीन गोष्टी लेखी मागाव्यात: सर्वांस वाचता येईल असा जाहीर जमाखर्च, मोतद्दारांच्या वेतनासाठी बक्षिसांतून राखून ठेवलेला हिस्सा, आणि निवृत्त घोड्यांची नावनिशीवार नोंदवही.