ईव्हीचं शिक्षण नाक्यावरच्या गॅरेजपर्यंत कधी येणार?

पनवेलकरांनो, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे आपल्या कळंबोलीतून सुरू होतो. राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात याच रस्त्यावर इलेक्ट्रिक कार-बसला टोलमाफी जाहीर झाली. छान झालं. पण गाड्या वाढल्या की दुरुस्ती कोण करणार?

आपल्याकडे इंजिनीअरिंग कॉलेजं आहेत, आयटीआय आहे. मुलं मोटर, कंट्रोलर, बॅटरी शिकतात, कौतुकच आहे. पण नाक्यावरच्या गॅरेजवाल्याचं घर ऑइल बदलणं, प्लग साफ करणं, क्लच प्लेट टाकणं यावर चालतं. इलेक्ट्रिक स्कूटरमध्ये यातलं काहीच नाही. पोटापाण्यासाठी उद्या तो अर्धवट माहितीवर बॅटरी उघडणार. लिथियमची आग विझली असं वाटतं आणि पुन्हा भडकते. २०२२ मध्ये देशात स्कूटर पेटल्या, तेव्हा कुठे केंद्राने बॅटरीचे नियम कडक केले.

माझं म्हणणं साधं आहे. महिन्यातला एक रविवार कॉलेजांनी लॅब गॅरेजवाल्यांसाठी उघडावी. फी नको, भाषा मराठी, आणि फळ्यापेक्षा हातात पाना जास्त. महापालिकेने पुढाकार घ्यावा. वीस वर्षं गाड्या खोलणाऱ्या माणसाकडून मुलंही चार गोष्टी शिकतील.

तुमचा गॅरेजवाला येईल का? विचारा आणि इथे सांगा.