सिग्नल हिलवरची दुपार : जगदीशचंद्र बोस यांच्या नावावर आपण काय चिकटवत आहोत?

१/ डिसेंबर उजाडला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. “१२ डिसेंबर १९०१ रोजी मार्कोनीने अटलांटिक महासागर ओलांडणारा पहिला बिनतारी संदेश ऐकला, तो जगदीशचंद्र बोस यांच्या यंत्रातून. श्रेय मात्र चोरले गेले.” खाली संतप्त प्रतिक्रियांचा पाऊस पडतो. आजचा धागा या मजकुराच्या विरोधात आहे. बोस यांच्या विरोधात तो मुळीच नाही, हे आरंभीच नोंदवतो.

२/ या वादात दोन्ही पक्ष ‘यंत्र कोणाचे?’ यावर भांडतात. त्याआधीचा प्रश्न कोणी विचारतच नाही : त्या दुपारी खरोखर काही ऐकू आले होते का? माझे मत स्पष्ट आहे. बहुधा नाही. आणि तसे असेल, तर न घडलेल्या घटनेचे श्रेय आपण आपल्या सर्वश्रेष्ठ भौतिकशास्त्रज्ञांपैकी एकाच्या गळ्यात घालतो आहोत.

३/ प्रथम प्रसंग पाहू. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमधील पोल्धू येथे प्रक्षेपण केंद्र. तेथे २०० फूट उंचीच्या वीस डोलकाठ्यांचे वर्तुळ उभारले होते. सप्टेंबर १९०१ च्या वादळात ते कोसळले. मग घाईघाईने दोन डोलकाठ्यांमध्ये पंख्यासारख्या तारा पसरून काम भागवले गेले. पलीकडे, सुमारे ३,५०० किलोमीटरवर, न्यूफाउंडलंडमधील सेंट जॉन्स गावाजवळ सिग्नल हिल ही टेकडी. तेथे डोलकाठ्या नव्हत्याच. सोसाट्याच्या वाऱ्यात पतंग उडवून त्याच्या आधारे सुमारे ५०० फूट तार आकाशात चढवली गेली.

४/ पोल्धूने ठरलेल्या वेळी मोर्स लिपीतील ‘एस’ हे अक्षर, म्हणजे तीन टिंबे, पुन्हापुन्हा पाठवायची होती. मार्कोनीच्या टिपणात तीन वेळा आहेत : स्थानिक दुपारचे १२.३०, १.१० आणि २.२०. ऐकणारे दोघे : स्वतः मार्कोनी आणि त्याचा साहाय्यक जॉर्ज केम्प. कागदी पट्टीवर नोंद नाही. तटस्थ साक्षीदार नाही. कानाला टेलिफोन लावून ऐकलेली तीन टिंबे, एवढाच पुरावा.

५/ इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथेच थबकायला हवे. साधनचिकित्सेचे जे नियम आपण बखरींना लावतो, ते विज्ञानाच्या इतिहासाला का लावू नयेत? साक्षीदार दोनच, दोघेही एकाच पक्षाचे, दोघांचेही हितसंबंध गुंतलेले, आणि काय ऐकायचे आहे हे दोघांनाही आधीच ठाऊक. एखाद्या लढाईचे असे वर्णन सापडले असते तर आपण ते ‘पडताळणीसापेक्ष’ म्हणून बाजूला ठेवले असते.

६/ पण माझा मुख्य आक्षेप साक्षीदारांवर नाही. तो सूर्यावर आहे.

७/ पोल्धूची तरंगलांबी त्या वेळी अचूक मोजलेली नव्हती. तेथील प्रक्षेपकाची रचना करणाऱ्या ॲम्ब्रोज फ्लेमिंगने नंतर सांगितलेला आकडा ३६६ मीटर, म्हणजे साधारण ८२० किलोहर्ट्झ. हा मध्यमलहरींचा प्रदेश. पुणे आकाशवाणीचे ७९२ किलोहर्ट्झ याच्या अगदी शेजारी. आजीच्या ट्रान्झिस्टरवर हा पट्टा तुम्ही ऐकला असेल तर एक गोष्ट अनुभवली असेलच : दुपारी फक्त जवळची केंद्रे लागतात आणि रात्री दूरदूरचे आवाज एकमेकांवर चढू लागतात.

८/ याचे कारण आकाशात आहे. सुमारे ६० ते ९० किलोमीटर उंचीवर सूर्यप्रकाशामुळे वायूचे रेणू आयनित होतात आणि मोकळ्या इलेक्ट्रॉनांचा एक थर तयार होतो. त्याला डी थर म्हणतात. रेडिओलहर त्यात शिरली की इलेक्ट्रॉन तिच्या तालावर हलू लागतात. पण तेथे हवा अजून पुरेशी दाट असल्याने ते रेणूंवर आदळतात आणि लहरीची ऊर्जा उष्णतेत विरून जाते. या पट्ट्यात वारंवारिता जितकी कमी, तितके हे शोषण तीव्र. सूर्य मावळला की इलेक्ट्रॉन व आयन पुन्हा एकत्र येतात, थर विरळ होतो आणि लहरी त्याच्या वरच्या थरापर्यंत पोहोचून परावर्तित होतात. रात्रीचा पल्ला हा असा वाढतो.

९/ सुमारे १.८ मेगाहर्ट्झवरच्या १६० मीटर पट्ट्यात काम करणाऱ्या हौशी रेडिओचालकांना, म्हणजे हॅम मंडळींना, हे सांगावे लागत नाही. ते दूरच्या संपर्कासाठी रात्रभर जागतात, पहाटेच्या संधिप्रकाशाची वाट पाहतात आणि भर दुपारी महासागरापलीकडचे कोणी ऐकू येईल अशी आशाही धरत नाहीत. त्यांची आजची ग्राहीयंत्रे १९०१ च्या यंत्रापेक्षा अतुलनीय संवेदनशील असूनही! ८२० किलोहर्ट्झ तर त्याहून खालची वारंवारिता. म्हणजे शोषण आणखी जास्त.

१०/ न्यायाने दुसरी बाजूही मांडतो. डिसेंबर होता, सूर्य क्षितिजापासून फार वर नव्हता. १९०१ चा सुमार सौरडागांच्या किमान काळाचा. शिवाय १.१० पर्यंत कॉर्नवॉलमध्ये सूर्य मावळला होता आणि २.२० पर्यंत पूर्वेकडचा बराच मार्ग अंधारात गेला होता. पण १२.३० ची नोंद? तेव्हा जवळजवळ सगळा मार्ग उन्हात होता. ती नोंद मला पचत नाही.

११/ आता सर्वांत बोलका पुरावा, आणि तो मार्कोनीचाच आहे. फेब्रुवारी १९०२ मध्ये तो ‘फिलाडेल्फिया’ जहाजातून पश्चिमेकडे निघाला. या वेळी ग्राहीयंत्र मेळ साधलेले होते, नोंदी कागदी पट्टीवर होत्या आणि त्यांवर जहाजाच्या कप्तानाची स्वाक्षरी घेतली होती. निष्कर्ष असे : रात्री १,५५१ मैलांपर्यंत संदेश स्पष्ट, २,०९९ मैलांपर्यंत ‘एस’ ओळखता येण्याजोगा, दिवसा मात्र ७०० मैलांपलीकडे काहीच नाही.

१२/ पुन्हा वाचा. तेच पोल्धू, तोच प्रक्षेपणकर्ता, दोन महिन्यांचे अंतर, आणि दिवसाचा पल्ला ७०० मैल. मग सिग्नल हिलवर दुपारी साडेबाराला २,००० मैलांहून अधिक अंतर कसे कापले गेले? मार्कोनीने रॉयल सोसायटीपुढे या दिवस-रात्रीच्या फरकावर टिपण सादर केले. कारण मात्र चुकीचे सुचवले, की सूर्यप्रकाशाने प्रक्षेपक तारांवरील विद्युतभार ओसरत असावा. आधीच्या दाव्याला त्यातून पडलेल्या तड्याकडे जगाने सोयीस्कर दुर्लक्ष केले.

१३/ बचावपक्षाचा एकच युक्तिवाद दखल घेण्याजोगा आहे. ठिणगीच्या प्रक्षेपकातून एकच शुद्ध वारंवारिता निघत नसे. लघुलहरीही निघत असाव्यात, आणि त्या दिवसाही महासागर ओलांडू शकतात. सिग्नल हिलवर मेळ साधलेले यंत्र सोडून साधे यंत्र वापरले होते, कारण हेलकावणाऱ्या पतंगामुळे तारेची विद्युतधारिता सतत बदलत होती. असे साधे यंत्र कोणतीही वारंवारिता पकडू शकते. शक्य आहे, मान्य. पण ‘कोणतीही’ या शब्दातच गोम आहे. जे यंत्र सर्व काही पकडते, ते वातावरणातील विजेची खरखरही पकडते.

१४/ हा मुद्दा सविस्तर सांगायला हवा, कारण आपल्या चर्चांत तो येतच नाही. निरभ्र दिवशीसुद्धा जमिनीलगतच्या हवेत दर मीटरला साधारण १०० व्होल्ट इतके विद्युतक्षेत्र असते. त्यात १५० मीटर तार उभी करा. वारा, गारा, हिमकण तिच्यावर आदळू द्या. तार भारित होते आणि भार अधूनमधून तुटक झटक्यांनी निसटतो. टेलिफोनमध्ये तो ‘टक्, टक्’ असा ऐकू येतो. आता ‘टक्, टक्, टक्’ याच खुणेची आतुरतेने वाट पाहणारा कान कल्पा. मार्कोनी खोटे बोलला असे मी म्हणत नाही. मनाने अपेक्षित नमुना शोधला, आणि तो त्याला सापडला, असे म्हणतो.

१५/ (थोडे अवांतर. कमी वारंवारितेच्या छंदाची ही अटळ किंमत आहे. १६० मीटरच्या लहरीसाठी पाव तरंगलांबीची तार घ्यायची तरी ४० मीटर लागते. एवढी उंच किंवा लांब तार म्हणजे विजेला धाडलेले निमंत्रणच. १७५३ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे गेओर्ग रिखमन वादळातील विद्युतभार मोजताना वीज पडून मरण पावला. त्याच्या घरात आणलेला दांडा जमिनीशी जोडलेलाच नव्हता. म्हणून जाणता हॅम केबल घरात शिरण्यापूर्वीच तडितरोधक बसवतो, साचणारा भार सतत ओसरावा म्हणून तारेपासून जमिनीपर्यंत मोठा रोध किंवा वेटोळे जोडतो, आणि सगळी अर्थिंग एकमेकांना बांधतो. वेगवेगळ्या ठिकाणी पुरलेले दोन दांडे जोडलेले नसतील तर वीज पडताच त्यांच्यातील विभवांतर यंत्रातूनच वाट काढते.)

१६/ मूळ मुद्द्याकडे येतो. मध्यमलहरींनी अटलांटिक ओलांडता येतो का? येतो, रात्री. डिसेंबर १९२१ मध्ये अमेरिकन हौशी रेडिओचालकांच्या संघटनेने पॉल गॉडली याला स्कॉटलंडमधील आर्ड्रॉसन येथे पाठवले. समुद्रकाठच्या शेतात तंबू ठोकून, जमिनीपासून थोड्याच उंचीवर सुमारे १,३०० फूट लांबीची बेव्हरेज अँटेना ताणून तो कुडकुडत बसला. पलीकडे कनेक्टिकटमधील ग्रिनिच येथे ‘वन बी सी जी’ हे केंद्र सुमारे २३० मीटरवर, साधारण एक किलोवॅट शक्तीने प्रक्षेपण करत होते.

१७/ गॉडलीने हौशी केंद्रे ऐकली, तीही डझनांनी. त्यांची चिन्हे त्याला नोंदवावी लागली, इंग्लंडमधील इतर श्रोत्यांच्या नोंदींशी पडताळावी लागली, आणि अखेरीस ‘वन बी सी जी’कडून एक संपूर्ण संदेश शब्दशः उतरवून घेता आला. सर्व काही रात्री. हे १२ डिसेंबरच्या सुमारास घडले, सिग्नल हिलला बरोबर वीस वर्षे होत असताना. दोन नोंदी शेजारी ठेवून पाहा : एकीकडे आधीच ठाऊक असलेले एक अक्षर, दुसरीकडे आधी माहीत नसलेला मजकूर. पुरावा म्हणून कोणाचे वजन जास्त, हे तुम्हीच ठरवा. पाठ्यपुस्तकांत मात्र पहिलीच नोंद असते.

१८/ आता बोस. पारा आणि लोखंड यांच्या स्पर्शावर चालणारा, आपोआप पूर्ववत होणारा शोधक त्यांनी एप्रिल १८९९ मध्ये रॉयल सोसायटीपुढे आलेल्या निबंधात मांडला. मार्कोनीने सिग्नल हिलवर वापरलेला पाऱ्याचा शोधक इटालियन नौदलातील लुइजी सोलारी याच्यामार्फत आला होता. त्याचे मूळ बोस यांच्या निबंधात आहे, असा तपशीलवार युक्तिवाद प्रबीर बंद्योपाध्याय यांनी १९९८ मध्ये केला. तो वजनदार आहे; कल्पनेचे श्रेय बोस यांना द्यायला माझी हरकत नाही. हरकत आहे ती त्या श्रेयाला ‘म्हणून अटलांटिक ओलांडला गेला’ ही शेपटी जोडण्याला.

१९/ आणि या शेपटीमुळे काय झाकले जाते ते पाहा. १८९५ च्या सुमारास कलकत्त्यात बोस मिलिमीटर लहरींवर काम करत होते : सुमारे ५ मिलिमीटर तरंगलांबी, ६० गिगाहर्ट्झच्या आसपास. त्यांनी कर्ण्याच्या आकाराच्या अँटेना वापरल्या, प्रिझम आणि ध्रुवकारक घडवले. गॅलेना स्फटिकाच्या शोधकाचे अमेरिकन पेटंट त्यांना १९०४ मध्ये मिळाले. अर्धवाहकाच्या उपकरणांच्या इतिहासात त्याचे स्थान अगदी आरंभीचे आहे. ज्या वारंवारितांकडे उद्योगजगत अनेक दशकांनी वळले, त्यांवर हा माणूस कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजमध्ये, स्थानिक कारागिरांच्या मदतीने, मोजमापे घेत होता. मार्कोनी लांबलांब लहरींकडे जात होता, बोस नेमके उलट दिशेला. एकाला दुसऱ्याच्या शर्यतीत धावायला लावून आपण बोस यांनाच छोटे करतो.

२०/ “म्हणजे तुम्ही मार्कोनीची बाजू घेता?” असा प्रश्न येईलच. नाही. १९०२ च्या जहाजावरील नोंदींसाठी मी त्याला पूर्ण मान देतो. दिवस आणि रात्र यांतला फरक तेथे प्रथमच आकड्यांत नोंदवला गेला. त्याच वर्षी केनेली आणि हेविसाइड यांनी उंच हवेत विद्युतवाहक थर असावा असे सुचवले, आणि १९२४ मध्ये ॲपल्टनने तो प्रयोगाने दाखवला. त्या पट्ट्यांवरची कप्तानाची स्वाक्षरी माझ्या लेखी सिग्नल हिलच्या टिपणापेक्षा कितीतरी मोलाची आहे.

२१/ माझ्यावर विश्वास ठेवू नका. उद्या दुपारी साडेबाराला मध्यमलहरींचा रेडिओ लावा आणि लागतील ती केंद्रे वहीत लिहा. मग रात्री साडेनऊला तोच पट्टा त्याच जागी पुन्हा फिरवा. दोन्ही याद्या या धाग्याखाली टाका, गावाच्या नावासह. पल्ला वाढवायला खिडकीबाहेर तार सोडणार असाल, तर आकाशात ढग दिसताच ती रेडिओपासून सोडवून बाहेरच अर्थिंगला जोडा. गडगडाट सुरू झाल्यावर मात्र तिला हात लावायला जाऊ नका.