गृध्रसी : उपचारापूर्वी परीक्षण

‘नस दबली आहे’ असे सांगत येणारा रुग्ण आपणा सर्वांच्या नित्य परिचयाचा आहे. पुष्कळदा निदान त्याने स्वतःच केलेले असते आणि आपणही केसपेपरवर ‘गृध्रसी’ लिहून लगेच कटिबस्ती आरंभतो. या घाईचा विचार व्हावयास हवा.

चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या २८ व्या अध्यायात स्फिक्, कटी, ऊरू, जानू, जंघा, पाद असा वेदनेचा मार्ग सांगून वातज व वातकफज हे भेद केले आहेत. परीक्षणावाचून हा भेद कसा कळणार? मणक्यांमधील गादी सरकून नाडीमूळ दाबले जाते, हे मिक्स्टर व बार यांनी १९३४ मध्ये मांडले. त्या ज्ञानाचाही उपयोग करून घेण्यात कमीपणा नाही. रुग्णास उताणे निजवून सरळ पाय उचलताना ३० ते ७० अंशांत पायात कळ जाते का, पायाचा अंगठा वर उचलण्याचे बळ उणावले आहे का, घोट्याचा प्रतिक्षेप मंदावला आहे का, हे पाहण्यास पाच मिनिटे पुरतात.

गादीमुळे झालेली गृध्रसी बहुसंख्य रुग्णांत काही आठवड्यांत शस्त्रक्रियेविना शमते. स्नेहन, स्वेदन व बस्तीने वेदना सुसह्य होत असल्या, तरी सर्व श्रेय स्वतःकडे घेताना हे स्मरणात असावे. मात्र गुदाभोवती व जांघांच्या आतील बाजूस बधिरता, मूत्रावरोध, मलमूत्रावरील ताबा सुटणे किंवा वाढत जाणारे पायाचे दौर्बल्य आढळल्यास एक दिवसही दवडू नये. रुग्णास त्वरित शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात धाडावे. विलंब झाल्यास गेलेली शक्ती परत येईलच असे नाही.

औषधविक्रेत्या बंधूंनाही एक विनंती. कुचल्याची विषतिंदुक वटी व वत्सनाभयुक्त वातविध्वंस रस ही काही कंबरदुखीची साधी औषधे नव्हेत. कुचला व वत्सनाभ यांचा समावेश औषध नियमांच्या ‘ई-१’ परिशिष्टात असून, अशी औषधे वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना वेष्टनावर असावी लागते. ती सूचना केवळ छापण्यापुरती नाही. वैद्याच्या चिठ्ठीविना ती देऊ नयेत. दोन दिवसांत वेदना घालविणाऱ्या निनावी पुड्या तर दुकानात ठेवूच नयेत. त्यांत स्टिरॉइड मिसळलेले असू शकते आणि दुष्परिणाम झाल्यास दोष आयुर्वेदाच्या माथी येतो.

रुग्णास योग्य वेळी अन्यत्र पाठविणे हा शास्त्राचा पराभव नव्हे. साध्यासाध्यविवेक हे वैद्याचे पहिले कर्तव्य आहे.