गेम फुकट, तरी खिशाला कात्री! खेळणारी पोरंच का वैतागली?

मोबाईलवरचा गेम डाऊनलोड करायला एक रुपया लागत नाही. तरी महिनाअखेरीस घरच्या खात्यातून कधी शंभर, कधी पाचशे रुपये गेलेले दिसतात. पालक यावर ओरडतात, यात नवीन काही नाही. पण रोज खेळणाऱ्या अनेक पोरांनाही हे 'फुकट' प्रकरण खटकतं. त्यांची तक्रार समजून घेण्यासारखी आहे.

पैसेवाला वरचढ

पहिला राग बरोबरीचा. कुस्तीच्या फडात ताकद विकत मिळत नाही. 'फ्री फायर मॅक्स'मध्ये मात्र बंदुकीच्या अनेक स्किन नुसत्या दिसायला नसतात, त्यांनी मारा किंवा पल्लाही वाढतो. सराव करून हात बसवलेला पोरगा डायमंड विकत घेणाऱ्यापुढे हरला, की चिडणारच. 'बीजीएमआय'मध्ये स्किन मुख्यतः शोभेची. पण तिथंही साध्या कपड्यातल्या खेळाडूला टीममधले चिडवतात.

बंद पेटीचा नाद

दुसरा राग पेटीचा, म्हणजे क्रेट किंवा स्पिनचा. हवी ती वस्तू थेट मिळत नाही, पैसे घालून नशीब आजमावायचं. जत्रेतल्या रिंग फेकण्याच्या खेळासारखंच. फरक एवढाच, की जत्रा दोन दिवसांत उठते, ही बारा महिने खिशात असते.

त्यात पैसे आधी डायमंड किंवा यूसीत बदलावे लागतात. त्यामुळं खरे किती गेले, ते पटकन कळत नाही. पॅक असे असतात की थोडे उरतात. ते वापरायला परत थोडे घ्या! पास घेतला तरी रोजची मिशन पूर्ण करावीच लागतात. खेळ राहतो बाजूला, हजेरी लावल्यासारखं होतं.

आणि एवढं करून वस्तू आपली नसतेच. फेब्रुवारी 2022 मध्ये केंद्रानं 'फ्री फायर'वर बंदी घातली. जुलैमध्ये 'बीजीएमआय' स्टोअरवरून गेला, तो मे 2023 मध्ये परतला. पैसे घातलेल्यांना घोर लागला होता.

दुसरी बाजू

कंपनीलाही सर्व्हरचा खर्च आहे. बहुतेक जण काहीच देत नाहीत, थोड्या देणाऱ्यांवर सगळं चालतं. म्हणूनच साध्या मोबाईलवर खेड्यातलं पोरगंही खेळू शकतं. कॉम्प्युटरवरचे नवे मोठे गेम हजारोंत जातात, ते कुणाला परवडणार? तेव्हा विरोध फुकटला नाही, आवळा देऊन कोहळा काढण्याला आहे.

कायदा काय म्हणतो?

बेल्जियमनं 2018 मध्येच पैसे घेऊन दिल्या जाणाऱ्या अशा पेट्या जुगार ठरवल्या. आपल्याकडं ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं कायदा केला. पण त्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या गेमवर आहे. इथं पैसे फक्त जातात, परत येतच नाहीत. त्यामुळं हे गेम सुरूच आहेत.

म्हणजे राखण घरीच करावी लागणार. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावता येतो, तो लावावा. यूपीआयचा पिन पोरांना सांगू नये. आणि ओरडण्याआधी एकदा शेजारी बसून विचारावं, 'यात तुला काय पटत नाही?' उत्तर बहुतेक वेळा पोराकडंच असतं.